अंबाडी माझ्या हातची नव्हती

एक गोष्ट आहे, जी मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढं बसले की ती ओठांपर्यंत यायची — आणि मी घाईघाईनं उदबत्ती शोधायला उठायचे. आता वय झालं. हात थकला, पण जीभ शाबूत आहे. तेव्हा ऐका.

आमच्याकडं लग्नकार्यात अजूनही कोणीतरी म्हणतंच, आजीच्या हाताला गुण आहे, नुसत्या भाजी-भातावर तिनं सासऱ्यांना मरणाच्या दारातून ओढून आणलं. नव्या सुनांना माझ्यापुढं बसवतात. सांगा ना आजी, छातीच्या दुखण्याला काय रांधून घालायचं? आणि मी सांगते. हातसडीचा तांदूळ, अंबाडी, जवस, लसूण, कुळथाचं पाणी. त्या मान डोलावतात. मीही डोलावते. इतकी वर्षं.

ती अंबाडी मी रांधली नव्हती.

हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं याहून वाईट आहे, आणि ते सांगायला मला थोडं मागून यावं लागेल.

सिंदेवाहीपासून दोन कोसांवर आमचं गाव. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझे सासरे — आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात — गावातले पंच. आडवा बांधा, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर तळ्यापलीकडचे बैल कान टवकारायचे. आणि जेवणात मीठ! लोणचं हवं, पापड हवा, बोडीतल्या, शेतातल्या तळ्यातल्या मासळीचं खारवलेलं सुकट हवं, आणि एवढं झाल्यावर पानात वरून चिमूटभर मीठ. सासूबाई वारल्या तेव्हापासून चूल माझ्याकडं होती. हात माझा बरा होता, उगाच कशाला नाही म्हणू?

पौषात, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू असताना, मामाजी खळ्यावर मटकन खाली बसले. श्वास पुरेना. पाय सुजून खांबासारखे झाले होते, धोतराखाली कोणाला दिसले नव्हते. बैलबंडीतून स्टेशनवर, तिथून छोट्या रेल्वेगाडीनं चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि मला समोर बसवून सांगितलं — हृदय थकलंय. मीठ बंद. तूप, तळलेलं, लोणचं, सुकट बंद. पालेभाज्या द्या, डाळी द्या, गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ नको, घरी सडलेला द्या. औषध निम्मं काम करेल, उरलेलं तुमच्या चुलीनं करायचं.

घरी आल्यावर मी अळणी वरण-भात वाढला. मामाजींनी एक घास घेतला आणि ताट उंबऱ्याबाहेर भिरकावलं. दुसऱ्या दिवशी पालक. ताट बाहेर. तिसऱ्या दिवशी त्यांनी घासच घेतला नाही.

“हे गुराचं जेवन हाय,” म्हणाले. “मले उपाशी मारून राह्यली का तू, सुनबाई?”

मला अळणी रांधताच येत नव्हतं. मीठ काढून घेतलं की माझ्या हातात काहीच उरत नव्हतं — हे तेव्हा कळलं. आठ दिवसांत माणूस खाटेला चिकटला.

आमच्याकडं धान सडायला सोमीबाई यायची. जंगलाकडच्या टोलीतली, वस्तीतली गोंडीण, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. सडसडीत, कपाळावर गोंदण, आणि तोंड मोठं फटकळ. अंगणातल्या उखळापाशी उभी राहून तिनं ती उडालेली ताटं मोजली असावीत. एका सकाळी मुसळ थांबवून म्हणाली —

“बाई, मीठ नाई टाकत त मंग टाकते काय तू?”

मी म्हटलं, काहीच नाही.

ती हसली. “आमच्या आजीच्या वखती जंगलात मीठ भेटे कुठी? तरी लोक जेवतच होते ना.”

मग तिनं सांगितलं. अंबाडीचा पाला कणकीत, म्हणजे तांदळाच्या कण्यांत, शिजवायचा, वर ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची कोळशावर जाळून चुरायची. आंबट आणि जाळ जिभेवर गेला की जीभ मीठ विसरते. जवस भाजून कुटायचे. चिंचेच्या पाण्यात कुळीथ. कोदोच्या भरड दाण्यांची पेज, तिच्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, ठेचून.

मी करून पाहिलं. अंबाडी करपली. दुसऱ्यांदा केली तर चिकट झाली. मामाजींनी वास घेऊन तोंड फिरवलं.

आणि मग मी सोमीबाईला म्हटलं, तूच रांध.

आमच्या घरात गोंडाच्या हातचं पाणी चालत नव्हतं, हे तुम्हाला सांगायला हवं. धान त्यांनी सडलेलं चालायचं, मोहफुलं त्यांनी वेचलेली चालायची, मध त्यांनी काढलेला चालायचा. शिजवलेलं चालायचं नाही. तिला हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिनं मला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाली, “रांधतो. मले पाहाचं हाय म्हातारा थाळी कशी चाटते ते.”

गोठ्यामागं एक पडवी होती, बैलांचं आंबोण शिजवायची चूल तिथं होती. ती सारवून घेतली. सोमीबाई तिथं रांधायची, मी भांडं पदराखाली घेऊन घरात न्यायचे, ताटात वाढायचे आणि पुढं ठेवायचे. पहिल्या दिवशी मामाजींनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला.

“मीठ टाकलं का?”

“टाकलं जी,” मी म्हटलं.

त्यांनी ताट पुसून घेतलं — बोटांनी. गोठ्याच्या कुडाच्या फटीतून सोमीबाई पाहत होती. तिचं ते हसू मला आजही दिसतं.

चार महिने हे चाललं. रोज ते विचारायचे मीठ टाकलं का, रोज मी म्हणायचे टाकलं. या खोटेपणाची मला लाज वाटावी असं कोणाला वाटत असेल तर वाटो — मला वाटत नाही. गोंडिणीच्या हातचं अन्न मी त्यांना न सांगता घातलं, त्याचीही नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन. माझ्या नातवंडांनो, तुमचे पणजोबा, गावाचे पंच, चार महिने सोमीबाईच्या हातचं खाऊन जगले. विटाळ झाला असेल तर तो केव्हाच तुमच्या रक्तात उतरला आहे. धुऊन काढा पाहू.

चैत्रात मोह गळायला लागला. टोलीतल्या बायका पहाटेच टोपल्या घेऊन निघायच्या. मोह म्हणजे त्यांचं पावसाळ्याचं पोट. सोमीबाई मात्र दोन टोपल्या वेचून पळत आमच्याकडं यायची, कारण दुपारच्या जेवणाला अंबाडी — आता वाळवलेली — शिजायला हवी. तिच्या वाटच्या झाडांखालची फुलं ढोरांनी खाल्ली. मी म्हटलं, एक दिवस नको येऊस. तर म्हणाली, “तुया हातचं खाल्लं त तो पुन्हा खाटेवर निजन.” चेष्टा होती, पण खरी होती.

पायांची सूज उतरली. मामाजी आधी अंगणात, मग देवळापर्यंत, मग बांधावर चालत गेले. चांद्याच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून पाहिलं, मान हलवली आणि मला विचारलं, काय घालता? मी सगळं सांगितलं. कोणी रांधलं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नव्हतं, नाही का?

मग गटविकासाच्या योजनेचे लोक गावात आले. शाळेपुढं मांडव घातला, बायकांना बसवलं. डॉक्टरांकडून त्यांच्यापर्यंत काही गेलं असावं, कारण त्यांनी मला उभं केलं — घरच्या साध्या अन्नानं हृदय कसं जपावं, ते या बाईंकडून ऐका. मी बोलले. छान बोलले. अंबाडी, जवस, हातसडी, कुळीथ. ‘मी अशी करते’, ‘माझा हात असा’ — हे शब्द माझेच होते, कोणी तोंडात घातले नव्हते. पितळी तांब्या मिळाला. टोलीतल्या बायका मांडवाबाहेर उन्हात बसल्या होत्या. सोमीबाई त्यांच्यात होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. म्हणून तिनं पाहिलं की नाही, ते मला माहीत नाही.

टाळ्या थांबल्या आणि शेजारची गिरजाबाई उभी राहिली. तिचा गोठा आमच्या गोठ्याला लागून.

“हे खरं हाय,” ती म्हणाली, “पन तुमच्या पडवीत त सोमी रांधून राह्यली होती. म्या पाह्यलं.”

मामाजी पुढं पंचांबरोबर बसले होते. ते वळले. रागावले नव्हते — मला वाटतं घाबरले होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत मी भीती पाहिली.

“काऊन वो सुनबाई? हे खरं हाय?”

आता — इथं. इथवर यायला मला आयुष्य लागलं. ‘हो’ म्हणायचं होतं. एवढंच. हो, तिनं रांधलं, आणि तुम्ही जिवंत आहात. काय झालं असतं? मला माहेरी धाडलं असतं? पंचांनी घर वाळीत टाकलं असतं? टाकलं असतं कदाचित. कदाचित नसतंही.

मी म्हटलं — “नाई जी. ते कणकी चोरून नेऊन शिजवत होती. म्या पकडलं, पन गरीब म्हनून मी कोनाले बोलली नाई.”

कोणी मला हे शिकवलं नव्हतं. विचार करायला वेळ मिळाला नव्हता, असंही नाही. मामाजींचा प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये इतका वेळ गेला होता की मी पदर सावरला, तांब्या या हातातून त्या हातात घेतला. आणि मग ठरवून बोलले.

सोमीबाई उन्हातून उठली. वाटलं, आता ती सगळं सांगेल — मीठ, पडवी, चार महिने. ती मामाजींकडं पाहत होती, माझ्याकडं नाही. मामाजींचा हात छातीवर गेला होता. तिनं तो हात पाहिला. मग लुगड्याची माती झटकली आणि चालू लागली.

गावात तिला परत कोणी धान सडायला बोलावलं नाही. चोर म्हटल्यावर कोण बोलावणार? पावसाळ्याआधी तिचं घर उठलं, नवरा-बायको आरमोरीकडं तिच्या भावाच्या गावी गेले. तिच्या घरात मोह कमी होता त्या वर्षी. का कमी होता, ते मी वर सांगितलंच आहे.

रांधायला मात्र मी शिकले. शिकावंच लागलं. मामाजी म्हणायचे, पहिल्यासारखी नाही झाली. पण खायचे.

दोन वर्षांनी मी एका लग्नासाठी वैनगंगा ओलांडून आरमोरीला गेले. बाजाराच्या दिवशी ती दिसली. पुढ्यात अंबाडीच्या जुड्या मांडून बसली होती. खूप वाळली होती. मी नवं लुगडं विकत घेतलं आणि तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात लावला नाही.

“म्हातारा हाय का?” तिनं विचारलं.

“हाय. हिंडते-फिरते.”

“मंग तुले काय पायजे?”

मी रडायला लागले. भर बाजारात. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं एका गिऱ्हाइकाला जुडी दिली, मग माझ्याकडं वळली.

“लुगडं नोको मले. तू गावात जाय आन् सांग का सोमी चोर नोहोय. त्याच मांडवाच्या जागी उभी राहून सांग. बस.”

मी म्हटलं, सांगते.

मी परत आले. शाळेपुढून रोज जात होते, पाण्याला, शेतावर, देवळात. मामाजी त्यानंतर सहा वर्षं जगले, आणि दुखण्यानं नाही, म्हातारपणानं गेले. त्यांच्या तेरवीला सगळा गाव शाळेपुढच्याच मोकळ्या जागेत पंगतीला बसला होता. पंचांनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं, अशी सून सगळ्यांना मिळो म्हणाले. मी वाढत होते. भाताची परात कमरेवर होती, तोंड मोकळं होतं. मी पुढच्या पानाकडं सरकले.

मला भीती होती असं सांगू? तोवर ज्याला भ्यावं असं कोणी उरलं नव्हतं. मला ते कौतुक आवडत होतं. ते सोडवत नव्हतं. इतकंच कारण आहे, दुसरं शोधू नका.

सोमीबाई चोर नव्हती. तिनं आमची कणकी कधी नेली नाही. मी देत होते तीसुद्धा ती रांधून परत माझ्याच हातात द्यायची. मी सगळ्या गावासमोर, भर उजेडात, जाणूनबुजून खोटं बोलले. ती कुठं वारली, केव्हा वारली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.