डुकरासाठी परवाना

जर्मनीत, आमच्या इंगोलश्टाटमध्ये, कुत्रा पाळायला कर भरावा लागतो, मासा गळाला लावायला परीक्षा द्यावी लागते आणि रविवारी काचेची बाटली टाकायला गेलं तर शेजारीण पडद्याआडून बघते. तेव्हा धनुष्यबाणाने डुक्कर मारायलाही इथे एखादा शाइन असणारच, असं मी धरून चालले होते. शाइन म्हणजे परवाना. तो हातात असला की या देशात माणूस काहीही करू शकतो, ही आम्हा गाड्यांच्या कंपनीतल्या मराठी इंजिनियरांची भाबडी श्रद्धा.

डुक्कर मारायचं होतं माझ्या सासऱ्यांना. बाबा कोल्हापूरला शाळेत पीटीचे सर होते, मुलींना तिरंदाजी शिकवायचे. सासूबाई गेल्यावर नवरा त्यांना इकडे घेऊन आला. आल्यापासून रोज सकाळी चहाबरोबर एकच वाक्य, "माझं तिकीट काढ." मला राग यायचा. अहो, तिकडे रिकाम्या घरात कोण बसलंय तुमची वाट बघत? पण हे मी मनातच म्हणायचे, कारण उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शेवटी गावाबाहेर आम्ही भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा त्यांच्या हवाली केला. त्यांनी मेथी पेरली, अळू लावलं आणि तिकिटाचा जप थांबला. मग एका सकाळी जाऊन बघतो तर रानडुकरांनी सगळी बाग नांगरून ठेवलेली. अळूसुद्धा सोडलं नव्हतं. घसाही खवखवला नसेल मेल्यांचा.

बाबांनी मातीकडे बघितलं आणि म्हणाले, "याचा निकाल लावतो. मग माझं तिकीट काढ."

त्याच आठवड्यात दुकानातून धनुष्य आलं. कोणी काही विचारलंसुद्धा नाही. दसऱ्याला नवऱ्याने देवापुढे लॅपटॉप ठेवला, मी माझा व्हर्नियर कॅलिपर, आणि बाबांनी मधोमध धनुष्य. त्यावर झेंडूचं फूल वाहून ते असे डोळे मिटून उभे राहिले की माझी खात्रीच पटली. हा माणूस खरंच बाण सोडणार. मग पोलिस, मग व्हिसा, मग कायमचं कोल्हापूर.

म्हटलं, जे करायचं ते कागदोपत्री करू. बागेला लागूनच एका निवृत्त शिकाऱ्याचा तुकडा आहे. बाबांना घेऊन गेले आणि विचारलं, धनुष्याने शिकार करायची तर अर्ज कुठे करायचा. तो इतका हसला की कपातली कॉफी सांडली. धनुष्य खुशाल घ्या म्हणाला, फोमच्या डुकरावर दिवसभर बाण मारा. पण जिवंत जनावरावर बाण सोडायला इथे बंदी आहे. त्याच्यासारख्या शिकारीची परीक्षा पास झालेल्यालासुद्धा.

"का, ते विचार त्याला," बाबा म्हणाले. दुभाषी मीच.

"आल्झो," म्हणजे 'तर हे बघा'. आता तो हसत नव्हता. बाण लागला तरी जनावर तिथल्या तिथे मरेलच असं नाही. झुडपात शिरतं आणि तासन् तास तडफडत पडतं. मारायचं तर एका झटक्यात, नाहीतर हात लावायचा नाही.

मी ते मराठीत सांगितलं. वाटलं, आता बाबा जर्मन सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. पांढरा रस्सा वाट्यांवर वाट्या पिणारा माणूस, त्याला डुकराची कसली दया येतेय. पण ते शेजारच्या आमच्या उकरलेल्या वाफ्याकडे बघत बसले.

"चांगला कायदा आहे," म्हणाले.

मग तिकडेच बघत, "आयसीयूत डॉक्टर रोज विचारायचे, आता थांबायचं का. मी रोज म्हणायचो, चालू ठेवा. ती नळ्यांमधून माझ्याकडे बघायची गं."

  मी त्यांचा हात धरला. शिकाऱ्याला एकही शब्द कळला नाही, पण त्याने उठून बाबांसाठी कॉफी ओतली. बाबांनी ती प्यायली, कडू लागली म्हणून तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "कुंपणाला तार कुठे मिळते विचार. परत मेथी पेरायच्या आधी घालून टाकू."

कुंपणाला मात्र परवाना लागतो. अर्ज केला. उत्तर यायला बराच वेळ लागतो म्हणाले.

"लागू दे," बाबा म्हणाले. "मी थांबतो."