पाचच्या गाडीसाठी सोडलेला हाफ

कबड्डीत मला मोठेपणा मिरवायचा होता, तो मी मिरवला. शिक्षा झाली माझ्या चुलतभावाला.

नव्वदच्या दशकात चामोर्शीला धान निघालं की कबड्डीचे खुले सामने भरायचे. आमच्या टीमचा कॅप्टन मी, आणि चढाईचा हुकमी गडी हा माझा धाकटा चुलतभाऊ. त्या वर्षी एका कारखान्याचे साहेब सेमीफायनल बघायला येणार होते. खेळाडू म्हणून दोन पोरं नोकरीला घ्यायची होती. चुलतभावाची वयाची मुदत त्याच वर्षी संपत होती. मला कारकुनी आधीच लागली होती. त्याला मात्र हा एकच दरवाजा उघडा होता, म्हणून रोज पहाटे तो नदीच्या रेतीत पळायचा.

गटात चार टीम, पुढे जाणार एकच. ऊर्जानगरच्या टीमशी आमची बरोबरी झाली, दुसरा सामना आम्ही जिंकलो. शेवटचा होता मुलचेऱ्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या एका गावाशी. हाफ टाइमला आम्ही तेरा गुणांनी पुढे होतो. तेवढ्यात त्यांचा कॅप्टन हात जोडून आला. "दादा, पाचची गाडी शेवटची आहे. ती गेली तर आम्ही जंगलातून कसं जायचं?"

आमच्याकडे रीतच होती. हरणाऱ्यांची शेवटची गाडी असली की हाफ टाइमचाच निकाल धरायचा, पाहुण्यांना अडकवायचं नाही. पंचही हरकत घेत नसत.

चुलतभाऊ माझ्या कानाशी लागला, "भाऊ, खेळू दे ना अजून. दोन लोण देतो मी त्याईले."

"काऊन? जिंकलोच ना आपण! माणुसकी नाई का तुले?" मी सगळ्यांसमोर सुनावलं. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं.

संध्याकाळी माईकवरून निकाल आला. आमचे नि ऊर्जानगरचे विजय सारखे, आपसातला सामना बरोबरीत, म्हणून गुणफरक मोजला. तीन गुणांनी ऊर्जानगर पुढे. त्याच बंगाली पोरांना त्यांनी आदल्या दिवशी सकाळी, गाडीची घाई नसताना, पुरे दोन हाफ धुतलं होतं.

कसला गुणफरक? दरवर्षी बरोबरी झाली की चिठ्ठी टाकायचे! मी मंडपात धावलो. टेबलाशी गुण लिहीत बसलेल्या मास्तरांनी नियमांचा कागद समोर धरला. घेतलेल्या गुणांतून दिलेले वजा करायचे, फरक मोठा तो पुढे. यंदाचा नवा नियम, आणि खाली कॅप्टनची सही. माझीच! वाचतो कोण हो असले कागद? "चिठ्ठी टाका" म्हणून मी घसा फोडला. बैल गेला नि झोपा केला.

"हाफ आम्ही नाई सोडला, तुम्ही सोडला," मास्तर म्हणाले.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ना, ते मी ठेवलं होतं. तीन गुण! त्या पोराच्या दोन चढायांचा खेळ. साहेब आले, सेमीफायनल बघितली, दोन पोरं निवडून गेले. चुलतभाऊ दोरीबाहेर बसून बघत होता. पुढे तो लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणं-कापणी करत राहिला आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडत राहिला. ज्यांची गाडी चुकू नये म्हणून मी हे केलं, त्यांच्यावर माझा राग नाही. ते तर फक्त घरी जायचं म्हणत होते. राग येतो तो त्या टाळ्यांचा.

निकालाच्या संध्याकाळी आम्ही एकाच सायकलवर घरी निघालो. त्यानं एक शिवी दिली असती तरी मला सोपं झालं असतं. मागे कॅरिअरवरून तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, नोकरी तुले लागाची राह्यली असती, तं सोडला असता का हाफ?"

मी पायडल मारत राहिलो. उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याला ते मी अजून सांगितलेलं नाही.