खांड गेली, काहीतरी पाठवा

पुण्याहून निघाल्यापासून मी टेम्पोच्या दाराची कडी धरून बसले होते. ताम्हिणी घाटात ढग रस्त्यावर उतरले होते, पुढच्या गाडीचे दिवे दिसेनात, आणि आमचे जयंतीभाई टेम्पोत माझ्या शेजारी बसून शांतपणे खाकरा खात होते. मदतीला जाणारी माणसं शूर असतात असा लोकांचा समज आहे. मला पाहिलं की तो दूर होतो. मी मुळातच भित्री.

रायगडात चक्रीवादळ होऊन वर्ष उलटलं होतं. सुरुवातीला मदतीच्या गाड्यांनी रस्ते अडले, मग गाड्या आटल्या. आमच्या छोट्या मंडळाने ठरवलं होतं, की आपण थोडंच न्यायचं, पण जात राहायचं. या खेपेला निडीजवळच्या वाडीसाठी पत्रे होते आणि पेणच्या खारेपाटातल्या (खाडीला बांध घालून केलेल्या भातजमिनीतल्या) एका गावासाठी साखर. साखरेचं असं झालं, की त्या गावच्या हिराबाईंचा फोन जयंतीभाईंनी घेतला. "खांड गेली, काहीतरी पाठवा लवकर," एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला, तो पुन्हा लागला नाही. जयंतीभाई जन्मापासून पुण्याचे, पण घरात गुजराती, आणि त्यांच्या घरी साखरेला खांडच म्हणतात. "बिचाऱ्यांची साखरसुद्धा गेली," म्हणत त्यांनी आपल्या दुकानातली पोती टेम्पोत चढवली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

कोलाड, रोहा मागे टाकून दुपारी निडीच्या वाडीवर पोहोचलो. पत्रे उतरवत होतो तोच वारा सुटला. फार नव्हता, पुण्यात कुणी खिडकीही लावली नसती. पण घराघरांतून बायका पोरांना कडेवर घेऊन बाहेर आल्या आणि पावसात, उघड्यावर, एकमेकींना धरून बसल्या.

"अहो, आत जा ना, भिजाल!" मी म्हटलं.

"नाय ताई," तिथले म्हातारे गोमाजी म्हणाले, "वारा सुटला का घरात नाय बसायचं. त्या दिशी माज्या भावावर घरच बसलं."

मग त्यांनी पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "चांगलं हाय. पन हे उडालं का मान कापतंय. बांधाया तार आनली का?"

तार आणली होती, नशीब माझं. पण पत्र्यांची ती थप्पी मला एकदम वैऱ्यासारखी दिसू लागली. वारा पडेपर्यंत मीही त्या बायकांजवळ जाऊन बसले. एकीने काही न विचारता माझा हात धरला.

रोह्याला मुक्काम करून सकाळी गरम पोहे खाल्ले आणि पेणच्या रस्त्याला लागलो. नागोठण्याला अंबा नदी लाल होऊन फुगली होती. आमचे ड्रायव्हर शंकरराव म्हणाले, "बाई, डोळे मिटा, पूल गेला की सांगतो." त्यांना म्हणायचं होतं, मागे गेला की. माझा जीव अर्धा तिथेच गेला. पुढे डोलवीच्या कारखान्याची धुराडी ढगात शिरलेली दिसली, आणि आम्ही आत खाडीकडे वळलो.

गावात शिरलो तर घरं उघडी आणि माणूस नाही. एक बाई मात्र धावत आली. नेसूचं लुगडं वर खोचलेलं, गुडघ्यापर्यंत चिखल. याच हिराबाई. जयंतीभाई हसतमुखाने खाली उतरले. "खांड आणली आहे तुमच्यासाठी! भरपूर!"

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेम्पोकडे. "खांड आनली? अवो शेट, आमची खांड तिकरं हाय!" आणि त्यांनी बांधाकडे हात केला.

इकडे खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड; खांड गेली म्हणजे बांध फुटला. वादळात बाहेरचा बांध खिळखिळा झाला, खारं पाणी शेतात शिरलं आणि गेल्या वर्षी हिराबाईंच्या जमिनीत भाताचं पातं उगवलं नाही. यंदा पावसाने मीठ धुतलं, लावणी जगली. आणि आता बांध पुन्हा फुटला होता. त्या दिवशी अमावास्या, दुपारी उधाण (मोठी भरती) येणार होतं. पाणी आत आलं की भात गेलं, जमीनही पुन्हा काही वर्षं गेली.

"माती हाय, मानसं हायत," हिराबाई म्हणाल्या. "गोनी नाय उरली गो बाय, एक पन. माती भरू कशात?"

जयंतीभाईंचा चेहरा उतरला. ते एकदा बांधाकडे, एकदा आपल्या पोत्यांकडे बघत राहिले. मग एकदम ओरडले, "शंकरराव, साखर ओता! सगळी ओता!"

हंडे, पिंपं, पातेली, देवळात अंथरलेली ताडपत्री, जिथे जागा मिळाली तिथे साखर ओतली. रिकामी गोणी हातात येताच ती बांधाकडे पळत होती. मला रांगेत उभं केलं. भरलेल्या गोण्या हातोहात पुढे जात होत्या, पायाखाली बांध लोण्यासारखा मऊ. डावीकडची खाडी उजवीकडच्या भातापेक्षा उंच आहे हे माझ्या लक्षात आलं आणि गोणी हातात धरून मी तिकडेच बघत राहिले.

"पान्याकरं नको बगू," मागून हिराबाई म्हणाल्या. "गोनीकरं बग."

पाणी चढत होतं. आवाज नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. एक गोणी घसरली, फटीतून धार फुटली, दोघं तरुण तिला पाठ लावून बसले. पाणी बांधाच्या कडेला येऊन थांबलं. हिराबाईंनी काठाशी एक काटकी रोवली आणि आम्ही सगळे त्या काटकीकडे बघत राहिलो. किती वेळाने कोण जाणे, काटकीच्या बुंध्याशी ओला चिखल दिसला.

"पानी उतरलं," हिराबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

त्यांच्या ओट्यावर तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण जेवलो. वर चहा, तोंडात धरवेना इतका गोड. जयंतीभाई दोन कप प्याले. निघताना माझा नंबर देऊन मी म्हटलं, "चला, संकट टळलं." हिराबाई हसल्या नाहीत. "पुनवेला परत उधान हाय गो."

खोपोलीमार्गे घरी आले. ओळखीच्या लोकांना सांगताना खांडीची गंमतच जास्त रंगवून सांगितली, ते हसले. मी मात्र कॅलेंडरवर पौर्णिमा बघून ठेवली होती.

त्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. हिराबाई.

"खांड गेली का?" मी विचारलं.

"नाय गो, बांध हाय अजून. पानी वर येतंय."

"काय पाठवू? गोण्या? आत्ता निघतो आम्ही."

"काय नको पाठवू. तू येशील तवर उधान सरंल." मागे वारा ऐकू येत होता. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "पानी उतरंपर्यंत बोलत ऱ्हा नुसती."

मी खुर्ची ओढून बसले, आणि सकाळी भाजी कुठली केली तिथपासून सांगायला सुरुवात केली.