सासऱ्यांचा एकच चाकू

माझे सासरे कासिमीर यांच्याबद्दल आमच्या पठारावर कोणालाही विचारा, पहिली गोष्ट हीच सांगतील की या माणसानं उभ्या जन्मात एकच चाकू वापरला. त्यांच्या वडिलांकडून आलेला, शिंगाच्या मुठीचा, घडीचा. एकीकडून पातं निघायचं, दुसरीकडून दाभणासारखा टोच्या. त्या पात्यानं ते पाव कापायचे, गाईंचे खूर खरवडायचे. पोट फुगून आडव्या पडलेल्या गाईच्या कुशीत तो टोच्या खुपसून, आतला वारा काढून त्यांनी कितीतरी जनावरं वाचवली. मग तोच चाकू विजारीला पुसून चीज खायला बसायचे. मला शिसारी यायची. पण मी पडले खालच्या दरीतली, माझं कोण ऐकतंय!

जेवायला बसलं की आमच्याकडे पुरुष आपापला चाकू खिशातून काढतात. घरच्या कर्त्यानं आपला चाकू खट्‌कन मिटला की जेवण संपलं, सगळ्यांनी उठायचं. सासरे भराभर खायचे. लग्नानंतर पहिलं वर्षभर माझं सूप अर्धंच राहायचं. पुढं मी चुलीपाशी उभ्यानंच आधी खाऊन घ्यायला शिकले.

आणि माझा नवरा, बातिस्त? त्यांचा एकुलता एक मुलगा, पन्नाशीला आलेला, सगळा गोठा एकट्यानं ओढणारा. तो जेवायला बसला की माझ्यापुढे हात करायचा. मी त्याला भाजी चिरायची सुरी द्यायची, बायकांची. कारण त्याच्याकडे चाकू नव्हता. "त्याच्या हातात टिकत नाही," एवढंच सासरे म्हणायचे. बाजाराला गेलं की लोक त्याला अडवून विचारायचे, "काय बातिस्त, आता कितवा?" तोही बिचारा त्यांच्याबरोबर हसायचा.

एकदा मी त्याला धारेवरच धरलं. "अरे, तू हरवलेस तरी किती?"

"एक हरवला असेल. लहानपणी."

"असेल म्हणजे काय?"

"आठवत नाही गं. पण सगळे म्हणतात म्हणजे हरवलाच असेल ना!"

दर वसंतात माळ्यावरचं गवत संपलं की तो तळाचा कचरा दाताळ्यानं ओढून ओढून बघायचा. काय शोधतोस म्हटलं की म्हणायचा, काही नाही. मी म्हटलं, एक नवा घेऊन टाक की बाबा! तर नाही. चाकू बापाच्या हातून यायला हवा. तसा आला तरच माणूस त्या घराचा मालक, असं आमच्याकडे आहे. बाजारातून काय, कोणीही आणतं.

गेल्या शरदात सासरे गोठ्यात धार काढता काढता बसल्या जागी गेले. कोणाशी एक शब्द नाही. चाकू त्यांच्या खिशातच होता. माझी नणंद लेओनी, बातिस्तहून मोठी, बापाची भक्त, शेजारच्याच गावात दिलेली. तिनं तो चाकू काढून भावापुढे टेबलावर ठेवला. बातिस्तनं त्याला हात लावला नाही.

"त्यांनी दिला नाही," तो म्हणाला.

"अरे, आता ते कुठून देणार?" मी म्हटलं.

"द्यायचा असता तर आधी दिला असता. त्यांच्या मनात नव्हतं."

हीच गोष्ट त्याला खात होती. शेत, गाई, घर सगळं कागदोपत्री त्याचंच झालं होतं. तरी तो टेबलाच्या टोकाला, बापाच्या जागेवर बसेना. दिवसातून दहादा म्हणायचा, "मला द्यायचा होता की नव्हता, एवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

आणि मग आम्ही सासऱ्यांची खोली आवरायला काढली. पलंगाखाली खुरांच्या औषधांचं खोकं होतं. त्यात न धुतलेल्या, तेलकट लोकरीत गुंडाळलेले चाकू निघाले. एक, दोन, तीन करता करता सात. सगळे शिंगाच्या मुठीचे, सगळ्यांना टोच्या, आणि सगळ्यांच्या मुठीवर तळाशी कोरलेल्या त्याच दोन तिरक्या रेघा. ती बातिस्तच्या आजोबांची खूण, सगळ्या पठाराला ठाऊक असलेली. खिशातल्या चाकूवरही तीच. म्हणजे आठ झाले.

"बाबांना छंद असेल," लेओनी म्हणाली.

"आठ एकसारखे चाकू जमवायचा? हा कसला बाई छंद!"

"तुला काय कळतंय त्यातलं, देलफीन!"

मला खरंच काही कळत नव्हतं, पण तिला तरी कुठं कळत होतं? आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो आणि एकेक उचलून पाहू लागलो. एकाच्या पात्यावर गंजाचे खड्डे होते. एकाची मूठ उंदरांनी कुरतडलेली. एकाचं शिंग एका बाजूनं उन्हानं पांढरं पडलेलं, एकाला खूर पडून तडा गेलेला. बातिस्त डोळे मिटून एकेक तळहातावर तोलायचा. "हा आजोबांचा." थोड्या वेळानं, "नाही, हा." मग म्हणाला, आजोबांना भाऊ होते, प्रत्येकाचा एकेक असेल. लेओनी म्हणाली, त्यांना एकच भाऊ होता आणि तो पाद्री झाला. पाद्र्याला कशाला टोच्या?

मी म्हटलं, काळे पडलेत, निदान घासून तरी बघू, नाव वगैरे असेल. म्हणून एकाला राख आणि व्हिनेगर लावून चांगला लखलखीत केला. लेओनी असली किंचाळली की कुत्रा बाहेर पळाला.

दोन आठवडे हेच चाललं. बातिस्त धार काढायचा, येऊन टेबलाशी उभा राहायचा, एक चाकू उचलून ठेवायचा, पुन्हा गोठ्यात जायचा. शेवटी मीच म्हटलं, पुरे! खालच्या गावात आनातोलकडे जाऊ. तीन पिढ्यांचा चाकूवाला तो. अख्ख्या पठाराचे चाकू त्याच्याच घरातून आलेले. त्याला नाही कळलं तर देवालाही कळायचं नाही.

लेओनीही आली. मी नको म्हटलं असतं तरी दोघांची तिघं झालीच असती.

आनातोल सत्तरी ओलांडलेला, पण नजर घारीची. शेगडीपाशी दोन म्हातारे शेकत बसले होते, तो बाजाराचा दिवस होता. बातिस्तनं गाठोडं सोडून आठही चाकू गल्ल्यावर मांडले. आनातोलनं आधी मी घासलेला उचलला आणि विचारलं, "हे कर्म कोणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"बाई, काळं म्हणजे घाण नव्हे. पोलाद वापरून वापरून काळं होतं, म्हणून तर गंजत नाही. कोरड्या फडक्यानं पुसायचं, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, शिंग सुकलं तर चरबीचा हात फिरवायचा. बाकी हात मागे बांधून बसायचं." मग त्यानं लोकर हुंगली. "ज्यानं ठेवले त्याला मात्र अक्कल होती. या तेलकट लोकरीत शंभर वर्षं काही होत नाही."

त्यानं भिंग लावलं. आमच्याकडच्या चाकूच्या पाठीवर पोलादाची पट्टी असते, तिच्यावर कारागीर कानशीनं बारीक वेल काढतो. प्रत्येकाच्या हाताची वेल निराळी. आनातोलनं आठही पाठी पाहिल्या आणि उंदरांनी कुरतडलेला चाकू बाजूला काढला. "हा तुमच्या आजोबांचा. माझ्या आजोबांच्या हातचा. बाकीचेही आमचेच, नंतरचे."

म्हणजे खिशातलासुद्धा खोटाच! बातिस्त म्हणाला, "मग हे बाकीचे कोणाचे?"

"कोणाचे म्हणजे? तुझेच की!"

"माझे?"

"अरे, तुझ्यासाठीच तर कासिमीर यायचा! 'पोरानं पुन्हा हरवला. आजोबांच्यासारखाच पाहिजे, हट्टाला पेटलंय.' तुझ्यापायी माझं दुकान चाललं म्हण ना!" आणि शेगडीकडे वळून तो म्हणाला, "हा बघा रे, बातिस्त! सगळे शोधून काढले पठ्ठ्यानं!"

म्हातारे हसले. एक म्हणाला, "गाई मोजतोस ना रे रोज?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं एकदम लखलखीत कळलं मला. म्हाताऱ्यानं आपला चाकू हरवायचा, गुपचूप तसाच दुसरा आणायचा, त्यावर त्या दोन रेघा ओढायच्या, आणि जुना कधी गवतात, कधी बर्फ वितळल्यावर बांधावर सापडला की पलंगाखाली दडवायचा. आणि नाव पोराचं! आपलं ठेवायचं झाकून!

"त्यांनी हरवले!" मी ओरडलेच. "सगळेच्या सगळे त्यांनीच हरवले! चोराच्या उलट्या बोंबा नुसत्या! याच्या हातात जन्मात चाकू दिला नाही, तर हा हरवेल कुठून?"

आनातोलनं भिंग खाली ठेवलं. "बाई, माणूस अजून पुरता मातीत मुरला नाही. कासिमीर, आणि चाकू हरवेल?"

"बायकोनं नवऱ्याची बाजू घ्यायचीच," शेगडीजवळचा दुसरा म्हातारा समजूतदारपणे म्हणाला.

"देलफीन, गप्प बस," लेओनी दात ओठ खात म्हणाली.

कोणाचा विश्वासच बसेना! खरं सांगूनही मी खोटी. मी बातिस्तकडे पाहिलं. म्हटलं, बोल की रे काहीतरी, तुझ्यासाठी भांडतेय मी. तो चाकूंकडे बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "माझ्यासाठी म्हणून घेतलेला पहिला कोणता यातला?"

आनातोलला शोधायला लागलं नाही. त्यानं गंजाचे खड्डे पडलेला उचलला. "हा. माझ्या वडिलांच्या हातची शेवटची वेल. बघ, टोकाला हात थरथरलाय. पुढं त्यांनी कानस धरली नाही. मी नुकता गल्ल्यावर बसायला लागलो होतो, मीच विकला. मोठी गारपीट झाली ना, त्याच शरदातला गुरांचा बाजार."

"नक्की?"

"बापाचा हात ओळखणार नाही मी?"

"गारपीट," लेओनी म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर रंग राहिला नव्हता. "छपराच्या फरश्या फुटून आत पडत होत्या. आईनं बातिस्तला काठवटीत ठेवून काठवट टेबलाखाली सरकवली होती. मला म्हणाली, तू टेबलाखाली बस आणि त्याच्यावर हात धर. अंगावर पीत होता तो."

आनातोल बोटांवर काहीतरी मोजत होता.

"म्हणजे," शेगडीजवळचा म्हातारा सावकाश म्हणाला, "अंगावर पिणाऱ्या पोरानं चाकू हरवला?" आणि तो जो हसत सुटला! दुसराही हसला, आनातोलही गल्ल्याला धरून हसला. कासिमीर! एकच चाकू! या वेळी हसू सासऱ्यांवर होतं. मला वाटलं, मिळाला एकदाचा न्याय! लेओनी स्टुलावर बसली आणि तिनं तोंडाला रुमाल लावला. मला तिचीसुद्धा दया आली, खोटं कशाला बोलू.

बातिस्त हसला नाही. हसणं ओसरेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "दादा, बाबा नेमकं काय म्हणाले होते त्या वेळी? पहिल्यांदा?"

आनातोलनं डोळे पुसले. "त्या वेळी? आला तो हसतच. म्हणाला, 'आमच्या मालकांनी चाकू हरवला, तसाच एक द्या.' मी विचारलं, कोण बुवा मालक? तर म्हणाला, 'माझा मुलगा.' आता पोरगा केवढा हे मला काय ठाऊक! तुम्ही पठारावरची माणसं, पोरं खाली आणता कधी?"

"हसत म्हणाले?"

"हसत. दुकानातल्या सगळ्यांना वाइन पाजली त्यानं. पुढच्या खेपेला मात्र तोंड पाडून आला. पोरानं पुन्हा हरवला म्हणाला, आणि मग दर वेळी तेच."

"पण पहिल्यांदा हसत."

"हो रे बाबा, हसत."

बातिस्तनं उंदरांनी कुरतडलेला चाकू उचलला, विजारीच्या खिशात घातला आणि बाकीचे लोकरीत गुंडाळायला लागला. ते करताना त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

गाडीत लेओनी मागे बसली. बातिस्तनं किल्ली फिरवली नाही. समोर बघत मला म्हणाला, "हसतच म्हणाले असतील ना गं?"

माझ्या तोंडात काय काय आलं होतं! एकदा थट्टेत म्हणाले असतील, पण पुढची पन्नास वर्षं? पोराला भाजीच्या सुरीनं जेवायला लावलं, बाजारात हसं करून ठेवलं, त्याचं काय? त्याला जपणारा बाप होता की आपली अब्रू जपणारा? मला आजही उलगडा झालेला नाही. आणि मी तर तिथं नव्हतेसुद्धा.

"हो," मी म्हटलं. "हसतच म्हणाले असतील."

"मालक म्हणाले."

"हो. मालक म्हणाले."

त्यानं गाडी सुरू केली. पठाराचा घाट लागला तसा त्याचा एक हात सारखा खिशाकडे जायला लागला. चाचपायचा, पुन्हा चाकावर यायचा, पुढच्या वळणावर पुन्हा खिशाकडे. शेवटी मी म्हटलं, "अरे समोर बघ. आहे तो."