झील कुणी धरायची

आमच्या घरधन्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते हयात असताना कधी तोंडाने घेतलं नाही, आता म्हातारपणी कागदावर कशाला घेऊ? आणि त्या नावापायीच पोलीस आमच्या गावात आले होते.

ते शाहीर होते. बेचाळीसच्या चळवळीच्या त्या वर्षांत पलूसच्या आसपास त्यांचा पोवाडा झाला नाही असा पार नव्हता. सरकार लेव्ही म्हणून घरातलं धान्य नेत होतं, आणि हे डफ जाळावर शेकून, कातडं ताठ करून, भर पारावर गात:

'आमी पिकवायचा दाणा,
सरकार म्हणं लेव्हीला आणा, जी जी रं जी!'

शेवटचं 'जी जी रं जी' मागच्यांनी धरायचं. त्याला झील म्हणतात. आमच्याकडे झीलकरी वेगळे नव्हते, अख्खं गावच झील धरायचं.

पोलिसांकडे नाव होतं, तोंडओळख नव्हती. एका सकाळी त्यांनी गावातले सगळे पुरुष चावडीपुढे बसवले आणि हवालदाराने मला पुढे बोलावलं. "यातला तुझा नवरा कंचा?"

मी पदर आणखी खाली ओढला. "आमच्यात चारचौघांत नवऱ्याकडं बघत न्हाईत. बसलाय का गेलाय, मला काय ठावं?"

बायका पदराआड हसल्या. हवालदार चिडला, पण डोक्याने तल्लख होता. म्हणाला, "एकेकानं उठून लेव्हीचा पोवाडा म्हणायचा. शाहिराचा गळा लपत न्हाई."

म्हणजे सरकारविरुद्धचा पोवाडा सरकारनेच गावाकडून गाऊन घेतला. इतकं भिकार गाणं मी जन्मात ऐकलं नाही. एकाने तर बैल हाकल्यासारखा आवाज काढला. मला हसू येत होतं आणि पदराआडून मी डोकीही मोजत होते, कारण यांची पाळी जवळ येत होती. या माणसाला सगळं जमायचं, बेसूर गाणं तेवढं जमत नव्हतं.

ते उठले. सुरुवात खरंच रडकी, घोगरी केली. मी मनात देवाला हात जोडले. पण ओळीच्या शेवटी गळा आपसूक जागेवर आला, आणि तो सूर कानावर पडताच सगळी चावडी सवयीने बोलून गेली, "जी जी रं जी!"

त्याआधी कुणालाच झील मिळाली नव्हती. हवालदाराला आणखी काय हवं होतं?

लोक कपाळाला हात लावून बसले. हे मात्र हसत होते. बेड्या पडताना म्हणाले, "झील तरी लय झ्याक धरली रं गड्यांनो." हवालदाराने आमच्या घरातून डफ आणवला, बुटाखाली फोडला आणि म्हणाला, "आता गा म्हणावं."

मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून गेलेला नाही.

मी डफाला नवं कडं, नवं कातडं करून घेतलं, शेण्यांच्या जाळावर शेकलं आणि पारावर उभी राहिले. भाकऱ्या थापताना ऐकून ऐकून पोवाडे पाठच होते. एक चुलतसासरे कडाडले, "बाईमाणसानं डफ धरायचा? गावाची अब्रू गेली." सासूबाई तिथेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "आवं भावजी, पोराला धरून न्हेलं तवा कुठं हुती अब्रू? म्हण गं तू. झील आमी धरतो."

पुढे यांना ठेवलं होतं त्या साताऱ्याच्या तुरुंगावर मी गेले. शिपायाने भेट नाकारली. मी डफ सोबत नेलाच होता. रस्त्याच्या कडेला मूठभर कडबा पेटवून तो शेकला आणि भिंतीकडे तोंड करून लेव्हीचा पोवाडा सुरू केला.

शिपाई धावत आला. "बाई, गप बस, न्हाईतर तुलाबी आत टाकीन."

"टाका की. आतच जायाला आलीया."

मी डफावर थाप मारून गातच राहिले. माझी ओळ संपली, आणि भिंतीपलीकडून कितीतरी गळ्यांनी झील धरली. त्यातला एक गळा मी लगेच ओळखला. कायम पुढे उभा राहून गायलेला माणूस माझ्या मागे झील धरत होता.

मी पुढची ओळ घेतली.