काकांचे पाय

बोरी अरबच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी एकमेकांचे पाय धुतात. येशूनं शिष्यांचे धुतले, म्हणून. पण माणसं बेरकी. दुपारीच घरी टाचा दगडानं घासायच्या, नखं कापायची आणि संध्याकाळी आपापल्या दोस्तासमोरची खुर्ची पकडायची. धुतलेलेच पाय धुवायचे, तेही जिवलगाचे. मीही वर्षानुवर्षं हेच केलं आणि वर स्वतःला नम्र समजत आलो.

गेल्या वर्षी नवे पास्टर आले. त्यांनी पुरुषांच्या दोन ओळी केल्या, दोस्त समोरासमोर राहू नयेत म्हणून एक ओळ थोडी पुढं सरकवली आणि म्हणाले, आता बसा. मी बसलो, वर पाहिलं, तर समोर काका.

काका माझ्या नात्याचे नाहीत. मंडळीचे जुने पंच, म्हणून सगळेच त्यांना काका म्हणतात. त्याआधीच्या हिवाळ्यात माझी आई गेली होती. दर रविवारी ती माझ्यासोबत चर्चला यायची, पण बाप्तिस्मा 'थंडी सरू दे' म्हणत लांबवला आणि थंडीतच गेली. बाप्तिस्मा नाही तर आपल्या कब्रस्तानात जागा नाही, असं काकांनी दारात उभ्यानंच सांगितलं. भाऊबंद म्हणाले, तुम्ही आता किरिस्ताव झाले, आमच्या स्मशानात कायले आणता. आई घरात निजलेली आणि आम्ही दारोदार. शेवटी आमच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, खड्डा खोदला. तेव्हापासून मी काकांना सलाम करणं सोडलं होतं.

पास्टरनी योहानाच्या शुभवर्तमानातला तो भाग वाचला. कितीदा तरी ऐकलेला. त्या दिवशी मात्र एकच गोष्ट डोक्यात रुतली: येशूला धरून देणारा यहूदा तेव्हा अजून तिथंच बसला होता. येशूला सगळं माहीत होतं आणि तरी त्यानं त्याचेही पाय धुतले. मला संताप आला, त्या वचनाचाच. आजच कशाला हे ऐकवायचं? उठावं, मोटरसायकल काढावी आणि सरळ घर गाठावं असं वाटत होतं. बायकांच्या बाजूनं माझी बायको एकटक बघत होती. आजूबाजूला पाणी ओतल्याचे आवाज सुरू झाले. आमच्या दोघांमधलं घमेलं कोरडंच होतं.

येशूच्या मागं जायचं म्हणून भाऊबंद तोडले, ते सोपं होतं. आता गुडघे वाकत नव्हते. कसाबसा खाली बसलो. मान येशूच्या आज्ञेला देतोय, या माणसाला नाही, असं स्वतःला बजावलं आणि तांब्या उचलला.

काकांनी पाय मागं ओढला.

"माह्ये पाय तू नको धू," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुह्या मायले जागा मीच नाही देऊ देल्ली. तवापासून झोप नाही मले."

इतके दिवस मी हेच ऐकायला तरसत होतो आणि ऐकल्यावर राग उलट वाढला. झोप नाही म्हणे. माझी आई तिकडं धुऱ्यावर एकटी. मग त्यांच्या टाचांकडं लक्ष गेलं. कोणी घासल्या नव्हत्या, भेगांत काळी माती तशीच होती. पाय धुवून घ्यायला ते आलेच नव्हते.

"पाय द्या, काका," मी म्हणालो.

पाणी ओतलं. बोटांमधली माती चोळून काढली. टॉवेलनं पुसत होतो तेव्हा ते वाकले आणि त्यांनी विचारलं, "मले तिच्यापाशी नेशीन काय?"

पाय धुवेपर्यंत मी आज्ञा पाळत होतो. आईपाशी त्यांना न्या, असं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. ते मला माझ्या मनानंच द्यायचं होतं. ओल्या टॉवेलाची घडी करून बाजूला ठेवली.

"उद्या सकाळी या," मी म्हणालो, आणि आई गेल्यावर पहिल्यांदा रडलो.