देवाकडे सांभाळायला दिलेला बिल्ला

तार आली तेव्हा मी सातवीच्या वह्या तपासत होतो. धाकटा भाऊ बाबल मुंबईच्या इस्पितळात वारला होता. रक्ताचा आजार. तेराव्यापर्यंत घरी माणसे येत राहिली. डोळे पुसत आलेला प्रत्येकजण बाबलचा एक किस्सा सांगून सगळ्यांना हसवून जायचा. माणूस असेतोवर असे किस्से कोणी जमवत नाही. तो गेल्यावर ते आपणहून ओटीवर येऊन बसतात.

*

बाबल एका अणुकेंद्रात सफाईच्या गँगमध्ये होता. अणूचे किरण म्हणजे काय, हे त्याने एकदा आईला समजावले. दिसत नाहीत, वास येत नाही, पण रागावले तर माणसाला आजारी पाडतात.

आई म्हणाली, "म्हणजे आमचो राखणदार देवचार! तेका नारळ ठेवतंस मां?"

*

एकदा तिथे नळ फुटला आणि ते किरणांचे पाणी जमिनीवर पसरले. पुसायला हीच गँग, बहुतेक सगळे मालवणी. आत शिरण्याआधी रबरी बूट घालून बाबलने गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या पाण्यात जा काय वायट आसा, ता आमका सोडून सायबाच्या केबिनीत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गँग ओरडली.

साहेब मागेच उभा होता. तो मद्रासकडचा. सेफ्टीचे नियम इतक्या उत्साहाने म्हणणारी माणसे आपण पाहिली नाहीत, असे त्याने वरती कळवले.

*

गँगमधल्या प्रत्येकाला छातीवर लावायला एक बिल्ला असे. आत फिल्म. किरण लागले की ती काळी पडते, आणि मग त्या माणसाला दुसऱ्या कामावर हलवतात. बिल्ला केंद्राबाहेर न्यायचा नाही. बाबल एकदा विसरून तो लावूनच गावी आला. आईला वाटले, पदक. कुणकेश्वरच्या जत्रेत तिने त्याला पुढे घालून दोनदा फिरवले. तिसऱ्या फेरीला एका दुकानदाराने विचारले, कुठल्या लढाईत होता?

"फडक्याच्या," बाबल म्हणाला.

*

पुढचे दत्तारामने सांगितले. तो आमच्याच गावचा. बाबलच्याच गँगमध्ये, त्याच्याच खोलीत. फिल्म काळी निघाली तर दोघांची ताटातूट होईल, ही धास्ती. म्हणून ते पाणी पुसले त्या दिवशी दिवसभर दोघांचे बिल्ले खोलीत होते, कुणकेश्वराच्या तसबिरीला अडकवलेले. देवाकडे सांभाळायला दिलेले!

महिनाअखेर दोन्ही फिल्म स्वच्छ निघाल्या. साहेबाने दोघांना इतर गँगांसमोर नमुना म्हणून उभे केले.

*

शेवटचा किस्सा माझ्या देखतचा, तार येण्याआधी मी त्याला भेटायला गेलो तेव्हाचा. इस्पितळात डॉक्टरांनी केंद्रातले कागद मागवून वाचले आणि म्हणाले, यांना किरण लागलेलेच नाहीत. आजाराचे कारण दुसरेच काही असणार.

बाबल उशीवरून म्हणाला, "बिल्ल्याची तब्येत ठणठणीत आहे, डॉक्टर. त्याला घरी सोडा."

नर्सला हसू आवरेना. ती गेल्यावर तो मला म्हणाला, "दादा, खरा काय ता तू केंद्राक लिवन कळव. माझा जांव दे. दत्तारामाचा रक्त तपासूक होया."

तेराव्यानंतर दत्ताराम मुंबईला निघाला. मोटारस्टँडच्या चढणीवर तो दोनदा बसला. म्हणाला, "मास्तरांनू, लिवा. पण माझा नाव घालू नकात. खोटेपणा केलंव म्हणान कामावरसून काढतले."

पत्र लिहायला घेतले आहे. नावाची जागा कोरी आहे. अजून टपालात टाकलेले नाही.